सगळ्यांचे श्वास वीस

त्या इस्पितळात माणूस ताप घेऊन येवो, खोकला घेऊन येवो नाहीतर पोट धरून येवो, एकदा खाटेवर आडवा झाला की तो मिनिटाला वीस श्वास घेऊ लागे. म्हातारा असो की तरणा, धापा टाकणारा असो की ढाराढूर झोपलेला, तक्त्यावर बघावं तर वीस. सकाळी वीस, दुपारी वीस, रात्रीही वीस. ताप चढायचा, उतरायचा. नाडी पळायची, रखडायची. रक्तदाबाचा तर नेमच नाही. पण श्वास कसा, एकदम शिस्तीचा. मागे एकदा एका रिकाम्या खाटेनेही दोन दिवस वीस श्वास घेतले होते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आता यात कुणी दुष्ट होतं का? मुळीच नाही. तीस खाटा, एका पाळीला दोन सिस्टर, आणि श्वास मोजायचा म्हणजे एकेका माणसासमोर मिनिटभर घड्याळ धरून उभं राहायचं. तेवढ्या वेळात दोन सलाईन संपतात, नातेवाईक भांडायला येतात, आणि फोन तर वाजतच असतो. म्हणून शिकतानाच पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय लागते. त्यात सोळा आले तर कमी वाटतात, चोवीस लिहिले तर डॉक्टर विचारतात, "का हो, वाढले का?" वीसला कुणी काही विचारत नाही. अगदी गरीब आकडा. मग एक दिवस गुणाकार सुटतो, पुढे मोजणं सुटतं, आणि हात आपला वीस लिहून मोकळा होतो.

आपल्या गोष्टीतल्या सिस्टरनेही सतरा वर्षं तेच लिहिलं होतं. अक्षर मात्र देखणं.

ही सिस्टर चव्वेचाळीस वर्षांची. गुडघे कुरकुरायला लागलेले. मुलगी घरी असली की आई वॉर्डात, आई घरी आली की मुलगी शाळेत. दोघींचं निम्मं बोलणं फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर चालायचं. अशात नर्सिंग शाळेत ट्यूटरची एक जागा निघाली. दहा ते पाच, रविवारी सुट्टी. अटी तीन. पदव्युत्तर पदवी हवी, वय पंचेचाळीसच्या आत हवं, आणि सर्व्हिस बुकात एकही मेमो नको. मेमोचं तिला भय नव्हतं, सतरा वर्षांत एकही मिळाला नव्हता. पदवीचे पेपर सुटले होते. उरला होता प्रबंध, आणि पंचेचाळीस पूर्ण व्हायला उरले होते चार महिने.

"अगं, या वयात परीक्षा कसल्या देत बसलीस?" सासूबाई म्हणायच्या. "आता तुझं परीक्षा घ्यायचं वय."

"त्या घेता याव्यात म्हणूनच देतेय ना, आई," सिस्टर म्हणायची आणि पुन्हा कागदात डोकं घालायची.

विषय तिने साधा घेतला होता. दम लागलेल्या माणसाला पाठीवर निजवण्यापेक्षा पुढे टेबल देऊन, त्यावर उशी ठेवून, उशीवर हात टेकून बसवलं तर त्याची धाप कमी होते का? तीस पेशंट घ्यायचे, बसवण्याआधी श्वास मोजायचे, अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचे. झालं.

पण झालं म्हणून होतंय थोडंच! वाटेत गाईड मॅडम होत्या. मॅडमनी शेवटचा पेशंट कधी पाहिला होता हे त्यांनाही आठवलं नसतं. पण 'वैधता' आणि 'विश्वसनीयता' हे दोन शब्द त्या अशा काही थाटात उच्चारत, की ऐकणाऱ्याने उठून उभं राहावं.

"तुम्ही स्वतः मोजायचं नाही," मॅडमनी बजावलं. "संशोधकाला हवं ते दिसतं. मोजतील वॉर्डातल्या सिस्टर. तुम्ही फक्त तक्त्यावरून आकडे उतरवून घ्यायचे. तुमची भूमिका निरीक्षकाची. कशात हात घालायचा नाही."

ऐकायला बिनतोड होतं. सिस्टरने मान डोलावली. पंधरा दिवसांत दहा पेशंट झाले. बसवण्याआधी वीस, बसवल्यावर वीस. दहाच्या दहा जणांचे.

मॅडम हरखल्याच. "काय सुंदर डेटा आहे! तीन पाळ्या, अकरा सिस्टर, आणि एका आकड्याचा फरक नाही. एवढा मेळ मी जन्मात पाहिला नव्हता."

आकडेमोड करून देणाऱ्या सरांना मात्र तो मेळ पचला नाही. सगळे आकडे सारखेच म्हटल्यावर भागायचं कशाने, अशी त्यांच्या कॉम्प्युटरची तक्रार होती. "सिस्टर, हे पेशंट आहेत की भिंतीवरची घड्याळं?" सरांनी विचारलं. पेशंट कोण आहेत आणि घड्याळं कोण, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी आपली पाळी संपल्यावर ती एका पेशंटपाशी मनगट धरून उभी राहिली. नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची, ही जुनी रीत. पूर्ण मिनिट मोजलं. सत्तावीस. काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. सत्तावीसच. पुढच्या खाटेवर एकतीस, त्याच्या पुढे अठरा, मग चोवीस. तीस खाटांच्या तीस तऱ्हा. सतरा वर्षं याच वॉर्डात वावरून आपण ही माणसं आज पहिल्यांदा बघतोय, असं तिला वाटलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

तिने मॅडमना गळ घातली, की मला मोजू द्या. मॅडमनी ते नीतिमत्ता समितीकडे ढकललं. समितीत सात जण. त्यांनी दोन तास खल करून परवानगी दिली, पण एका अटीवर. पेशंटला लपवून मोजणं म्हणजे फसवणूक. तेव्हा मोजण्याआधी दर वेळी त्याला सांगायचं, 'मी आता तुमचे श्वास मोजणार आहे', आणि त्याची सही घ्यायची.

सांगा आता! नऊ नंबरच्या खाटेवर एक शिंपीकाका होते. उभा जन्म मशीन चालवण्यात गेलेला, छाती धाग्यांच्या धुळीने भरलेली. सिस्टरने त्यांना समितीचं वाक्य वाचून दाखवलं, तशी काकांनी सही ठोकली, पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि फोटो काढायला बसल्यासारखे श्वास घेऊ लागले.

"बरोबर घेतोय ना हो, सिस्टर?"

"काका, नेहमीसारखा घ्या."

"नेहमी कसा घेतो तेच आठवेना बघा. तुम्ही सांगा, कितीचा पाहिजे?"

अख्खा वॉर्ड हसला. तेव्हापासून तिचं नाव मिनिटवाली पडलं. ती दिसली की पेशंट आपापले सदरे नीट करून श्वास घ्यायला सज्ज व्हायचे. मग तिने एक शक्कल काढली. सही सकाळी घ्यायची आणि मोजायचं दुपारी, काका पलंगाला टेकून शेजाऱ्याशी गप्पा छाटत असताना. असे तिने वीसेक जणांचे आकडे गोळा केले, आणि काय सांगावं, टेबलावर उशी ठेवून बसवलं की धाप खरंच कमी होत होती! तिला घरी जाऊन नाचावंसं वाटलं.

मॅडमनी मात्र तिचे कागद चष्म्याच्या वरून पाहिले. "तुमचे आकडे तक्त्याशी जुळत नाहीत."

"हो मॅडम, कारण तक्त्यातले—"

"तक्ता हा अधिकृत दस्त आहे. खाली मेट्रनबाईंची सही आहे. तुमचं माप त्याच्याशी जुळत नसेल तर तुमचं माप अवैध." मॅडमनी उसासा टाकला. "असं करा, सोबत दुसरी एक सिस्टर घ्या. दोघी वेगवेगळं मोजा. जुळलं तर बघू."

दुसरी सिस्टर आली. नवीन, अतिशय गुणी मुलगी. दोघी पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, मिनिटभर मोजलं, आणि दर वेळी दोघींचे आकडे तंतोतंत जुळले. शंभर टक्के मेळ! सिस्टरला शंका आली. तिने एकदा मुद्दाम आपल्या कागदावर बत्तीसच्या जागी बेचाळीस लिहिले. मुलीच्या कागदावरही बेचाळीस.

"ताई, तुम्ही एवढ्या अनुभवी," मुलगी कानकोंडी होऊन म्हणाली. "मी वेगळं लिहिलं तर तुमचा अपमान नाही का होणार?"

सिस्टरने कपाळावर हात मारला. ती सगळी पानं फाडली, मुलीला पलंगाकडे आणि आपल्याकडे पाठ करून बसवलं... पण मग तिला छाती दिसेना. शेवटी दोघींच्या मध्ये पडदा लावला.

त्याच आठवड्यात मंगळवारी दुपारी शिंपीकाकांचा श्वास अठ्ठावीसवर गेला. तासाभराने बत्तीस. काका गप्पा छाटत नव्हते. शेजारी काही विचारत होता आणि काका नुसतं बोटाने 'थांब' म्हणत होते. तक्त्यावर दुपारचे वीस केव्हाच लिहून झाले होते. तिने तडक मॅडमना फोन लावला.

"निरीक्षक आहात तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "मध्ये पडलात तर हा पेशंट नमुन्यातून बाद. तीसचे एकोणतीस होतील. आणि नवा शोधायला वेळ आहे का तुमच्याकडे?"

नव्हता. शुक्रवारी डेटा गोळा करण्याची मुदत संपत होती. हे तिला कळत होतं, आणि फोन कानाला लावून ती काकांच्या गळ्याखालच्या खळग्याकडे बघत होती. दर श्वासाला तो आत ओढला जात होता. तिने फोन ठेवला आणि धावत डॉक्टरला गाठलं.

तरुण डॉक्टरने तक्ता पाहिला. "वीस तर आहेत. ठीक आहेत की."

"तक्ता बाजूला ठेवा. इथे या, आणि एक मिनिट उभे राहा."

"सिस्टर, मला अजून बारा पेशंट—"

"एक मिनिट," ती एवढ्या जोरात म्हणाली की शेजारचा पेशंटही ताठ बसला.

मिनिट केवढं मोठं असतं, हे न मोजणाऱ्याला कळायचं नाही. डॉक्टर पंधराव्या सेकंदाला चुळबुळला, तिसाव्या सेकंदाला त्याचे ओठ हलायला लागले, आणि साठावा सेकंद यायच्या आत तो ओरडला, "ऑक्सिजन आणा!" छत्तीस झाले होते. काका अतिदक्षता विभागात गेले आणि वाचले. तिसऱ्या दिवशी त्यांनी निरोप धाडला, की मिनिटवालीला सांगा, आता इथलं मशीन मोजतं, सही पण मागत नाही.

नमुना एकोणतीसचाच राहिला. मॅडमनी आठ दिवस तोंड फिरवलं. नंतर म्हणाल्या, "अजून ऐका माझं. तक्त्यातले आकडे घाला. 'उपायाचा परिणाम आढळला नाही' असं लिहा आणि पास व्हा. तुमचे आकडे घातलेत, तर तोंडी परीक्षेत अकरा जणींना खोटं पाडावं लागेल, मेट्रनबाईंच्या देखत. विचार करा."

तिने दोन रात्री विचार केला. मग स्वतःचे आकडे घातले.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. शेजारी गाईड मॅडम, आणि इस्पितळाच्या वतीने मेट्रनबाई. परीक्षकांनी प्रबंध उलटसुलट चाळला आणि नेमक्या त्याच पानावर बोट ठेवलं.

"वॉर्डाचा आकडा सगळीकडे वीस. तुमचे अठरापासून चौतीसपर्यंत. अकरा प्रशिक्षित सिस्टर चुकल्या आणि तुम्ही एकट्या बरोबर, असं मी का मानावं?"

उत्तर एकच होतं, आणि ते देण्यात नोकरीही जाऊ शकत होती.

"सर, त्या वीसमधले पुष्कळसे माझ्याच हातचे आहेत," ती म्हणाली. "सतरा वर्षं मी न मोजता वीस लिहिलेत. खोटे आहेत हे मला ठाऊक आहे, कारण मीच लिहिलेत."

मग मॅडमनी घसा खाकरला. "सर, हे स्वकथन झालं. उत्तर देणारी व्यक्ती एकच, तीही हितसंबंध असलेली. याला पुरावा म्हणता येत नाही."

"आमच्याकडे असं काही होत नाही," मेट्रनबाईंनी छताकडे बघत सांगितलं.

परीक्षकांनी गुणपत्रिका पुढे ओढली. गुणपत्रिकेत विषय, मांडणी, भाषा, संदर्भ असे रकाने होते. कबुलीसाठी रकाना नव्हता. त्यांनी मुकाट्याने चांगले गुण भरले आणि 'नोंदींबाबत मर्यादा' असं अर्धं वाक्य जोडायला सांगितलं. सिस्टर पास झाली. नोकरीही गेली नाही, कारण ती जे बोलली ते कुठे लिहिलंच गेलं नव्हतं.

मेट्रनबाईंनी मात्र आठवड्याच्या आत परिपत्रक काढलं. यापुढे श्वास पूर्ण मिनिट मोजावा. सर्वत्र वीस आढळल्यास कारवाई होईल. रकाने रिकामे आढळल्यासही होईल. वॉर्डाने परिपत्रकाचा मान राखला. दुसऱ्या दिवसापासून अठरा, बावीस, अठरा, बावीस. पाळीला सिस्टर दोनच होत्या आणि खाटा तीसच.

ट्यूटरची मुलाखत सोमवारी ठरली. आदल्या शुक्रवारी दुपारच्या पाळीला आपली सिस्टर एकटीच होती, जोडीदारीण तापाने घरी. तिने हट्टाने मोजायला घेतलं. एक, दोन, पाच, बारा, एकोणीस खाटा झाल्या. विसाव्या खाटेवरच्या माणसाला रक्ताची उलटी झाली आणि पुढचे दोन तास कुठे गेले ते तिला कळलं नाही. पाळी संपताना तक्ता समोर होता आणि अकरा रकाने रिकामे. पेन टेकलं की हात आपोआप वळू बघत होता. तिने पेनाला टोपण लावलं आणि घरी गेली.

शनिवारी मेट्रनबाईंनी बोलावलं. टेबलावर टाईप केलेला मेमो होता. 'अपूर्ण नोंद.' सतरा वर्षांतला पहिला.

"बस," बाई म्हणाल्या. आवाज चक्क मऊ होता. "हा अजून सर्व्हिस बुकात चिकटवलेला नाही. आणि चिकटवायची माझी इच्छाही नाही. तुझी सोमवारची मुलाखत मला माहीत आहे, घरचंही माहीत आहे. हा घे तक्ता, हे पेन. अकरा आकडे टाक, मी हा कागद फाडते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

खरंच अर्ध्या मिनिटाचं होतं. सिस्टरने पेन हातात घेतलं. तिला ती जागा हवी होती, मनापासून हवी होती. दहा ते पाच, रविवारी सुट्टी, आणि संध्याकाळी समोरासमोर बसून बोलणारी मुलगी. तिने अकरा नावांवरून नजर फिरवली. त्यांतल्या चार जणांचे चेहरेही तिला आठवेनात. त्यांचे श्वास ती कुठून आणणार होती?

तिने तक्ता परत सरकवला, मेमो पुढे ओढला आणि खाली 'खुलासा' असं छापलं होतं तिथे देखण्या अक्षरात लिहिलं: 'मोजले नाहीत, म्हणून लिहिले नाहीत.'

"वेडी आहेस," मेट्रनबाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी डिंकाची बाटली जवळ घेतली.

संध्याकाळपर्यंत ते अकरा रकाने दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात भरून झाले होते. नोंद पूर्ण झाली, मेमो मात्र सर्व्हिस बुकात राहिला. सोमवारी मुलाखतीच्या वेळेला सिस्टर पहिल्या खाटेपाशी मनगट धरून उभी होती.